नजरेची दुरुस्ती

१

आमच्या धंद्याला दोन माणसं पुरतात. एकाने यंत्राला डोळा लावायचा, दुसऱ्याने समोर पट्टी धरून उभं राहायचं. यंत्र माझ्याकडे, पट्टी दादाकडे. जुन्या इमारती मोजून त्यांचे नकाशे काढून द्यायचे, एवढंच काम. पण आम्ही बहीण-भाऊ ते इतकी वर्षं करतोय, की मोजताना आमच्यात फारसं बोलणंच होत नाही. तो विचारतो, "बरोबर?" मी म्हणते, "हो, पुढे."

पट्टी म्हणजे आकडे रंगवलेली, माणसाहून उंच फळी. ती सरळ उभी धरावी लागते. जरा कलली की आकडा खोटा. म्हणून तिच्या पाठीला पाण्याची छोटी नळी असते. नळीतला बुडबुडा मधोमध आला की पट्टी सरळ. दादाने त्या नळीकडे कधी ढुंकून पाहिलं नाही, कारण त्याला गरजच नव्हती. लहानपणी आई त्याला विचारायची, "गज गिळलायस का रे?" वहिनी तर अजूनही लग्नाचा फोटो दाखवून सांगतात, "यात मी नवऱ्याशेजारी नाही, दिव्याच्या खांबाशेजारी उभी आहे."

मी काय करायचे, तर सकाळी यंत्र मांडलं की त्यातली उभी रेघ आधी दादावर लावून बघायची. दादाशी जुळली की यंत्र ठीक, नाही जुळली तर स्क्रू फिरवून यंत्र त्याच्याशी जुळवून घ्यायचं. असं करा म्हणून कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. कुणाला सांगितलं असतं तर हसलं असतं. पण बिघडलेली यंत्रं मी पुष्कळ पाहिली होती, बिघडलेला दादा कधीच नाही.

२

काम एका बंद पडलेल्या बँकेचं होतं. तिथे आता वाचनालय होणार होतं. बाहेरून इमारत साधीच. आत मात्र मोठा हॉल, दोन्ही बाजूंना ग्रीक पद्धतीच्या खांबांच्या रांगा आणि वर जाड नक्षीची छतपट्टी. काम देणाऱ्यांची अट अशी, की नकाशात प्रत्येक भागाला त्याचं खरं ग्रीक-रोमन नाव हवं. मी ती नावं पाठ करून गेले होते. खांबाच्या माथ्याला कॅपिटल, तळाच्या पायरीला स्टायलोबेट, छताखालच्या पट्टीला कॉर्निस. दादाने नेहमीप्रमाणे सगळ्यांचं बारसं नव्याने केलं. कॅपिटलची झाली टोपी. कॉर्निसखालच्या चौकोनी ठोकळ्यांची झाली कवळी. खांब मधे किंचित फुगीर करतात त्याला एंटासिस म्हणतात, ते झालं सुटलेलं पोट.

"लिही, तिसऱ्याला पोट जास्त आहे," तो पट्टीमागून ओरडायचा, आणि मी हसत हसत एंटासिस लिहायचे.

दाराबाहेर खुर्ची टाकून वॉचमन बसलेला असायचा. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आत छान गारवा होता. मी म्हटलं, "काका, आत बसा की."

"आत बसवत नाही हो मॅडम," तो म्हणाला. "खुर्ची कुठेही ठेवा, घसरतोय असं वाटतं. सवय झाली आता बाहेरची."

त्याचं खोटं नव्हतं. हॉलमध्ये पाऊल टाकलं की पोटात ढवळून यायचं. जमीन एका बाजूला उतरल्यासारखी दिसायची, खांब वाकल्यासारखे दिसायचे. मला वाटलं, पाया खचला असेल. पण पाया खचलेल्या इमारतीला तडे जातात, आणि इथे दोन दगडांमधे केस शिरला नसता. मोजल्यावर कळलं ते असं, की सगळे खांब खरोखरच कललेले होते. पोटं सुटली होती, पण एकाच अंगाला.

"दारू पिऊन बांधलंय," दादा म्हणाला.

"दारू पिणाऱ्याचा हात इतका सफाईदार नसतो," मी म्हटलं. "हे मुद्दाम केलंय."

माझ्या आवाजाला त्या हॉलमध्ये प्रतिध्वनी होता. तो चहूकडून यायला हवा होता. तो मागच्या भिंतीच्या डाव्या कोपऱ्यातून, वरून, थोडा उशिरा आला.

३

मला मुद्दाम का वाटलं, ते सांगते. खांब तळापासून माथ्यापर्यंत अगदी सरळ निमुळता केला, तर तो मधे खंगल्यासारखा दिसतो. म्हणून जुने कारागीर त्याला मधे फुगवायचे. लांबलचक जमीन सपाट केली, तर मधे बसल्यासारखी दिसते, म्हणून ती मधे उचलायची. कोपऱ्यातला खांब उजेडात बारीक वाटतो, म्हणून तो जाड करायचा. सगळा खोटेपणा, पण बघणाऱ्याला खरं दिसावं म्हणून केलेला. याला नजरेची दुरुस्ती म्हणतात. मला तो प्रकार फार आवडायचा. एखाद्या अनोळखी माणसाच्या डोळ्यांची इतकी काळजी कोण घेतं?

इथेही कुणीतरी तशीच काळजी घेतली होती. फक्त ती दारातून येणाऱ्या माणसासाठी नव्हती.

हे मला तेव्हाच सुचलं असं नाही. तेव्हा माझं लक्ष दादाकडे होतं, कारण तो गप्प झाला होता. आधी वाटलं, वहिनींशी काही बिनसलं असेल. मग एकदा तो पट्टीमागून म्हणाला, "पाचव्याचं एंटासिस घे."

"पोट म्हण की," मी म्हटलं.

"एंटासिस," तो म्हणाला. तो चिडला नव्हता. इमारतीबद्दल असं बोलू नये, इतक्याच सुरात बोलला.

त्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. "वन्सं, एक विचारू? हसायचं नाही." वन्सं म्हणजे त्यांची थट्टा, पण आवाज थट्टेचा नव्हता. "यांच्या शर्टाचा एक खांदा खाली येतोय. मी इस्त्री करते ना, मला कळतं. पॅंटचा एक पाय जमिनीला घासून फाटलाय. काल आरशासमोर उभे होते, मला म्हणाले, आरसा वाकडा लावलायस."

"डॉक्टरकडे नेलंत?"

"नेलं. फोटो काढला, हाडं ठणठणीत. डॉक्टर म्हणाले, पट्टी धरून धरून स्नायू आखडले असतील. असेल ना तसंच? तू रोज बघतेस त्यांना. तुला काही वाटलं?"

मी म्हटलं, मला काही वाटलं नाही. आणि ते खरं होतं. मला काहीच वाटलं नव्हतं, यंत्रातूनसुद्धा.

४

दुसऱ्या दिवशी मी पहिला खांब परत मोजायला घेतला. दादाला कारण सांगितलं नाही. रेघ त्याच्यावर लावली, जुळली. मग खांबावर लावली. खांब सरळ होता.

पहिल्या दिवशी तो कललेला होता. मी स्वतः नोंदवलं होतं. दुसरा खांब घेतला, तोही सरळ. तिसरा सरळ. दगडाचे खांब आपणहून सरळ होत नाहीत. यंत्र बिघडलं असणार, असं म्हणून मी सुटकेचा निःश्वास टाकला. यंत्र पेटीत घालायला वळले आणि तिथेच थांबले.

यंत्र मी रोज दादाशी जुळवत होते. तो कलला असेल, तर यंत्रही त्याच्यासोबत कललं असणार. मग कललेल्या यंत्राला कललेला खांब सरळच दिसणार. खांब तसूभरही हलले नव्हते. माझा भाऊ हलला होता, रोज थोडा थोडा, आणि मी रोज त्याला "हो, पुढे" म्हणत होते.

"दादा, पट्टीचा बुडबुडा बघ जरा."

"कशाला?"

"बघ ना रे."

त्याने पाहिलं नाही. मीच जवळ गेले. बुडबुडा नळीच्या टोकाला जाऊन चिकटला होता. तिथे, हातभर अंतरावर उभं राहून, यंत्राशिवाय मी त्याला पाहिलं. डावा खांदा गळालेला, कंबर एकीकडे गेलेली, मान वर मागच्या कोपऱ्याकडे वळलेली. रस्त्यात असा माणूस दिसला असता तर मी धावत जाऊन त्याला आधार दिला असता.

"नळी बिघडलीय," दादा म्हणाला. मग थोड्या मोठ्याने, नेहमीसारखं त्याने विचारलं, "बरोबर?"

मी उत्तर दिलं नाही. तरी कोपऱ्यातून काहीतरी परत आलं. "बरोबर"चा प्रतिध्वनी म्हणायला ते फारच छोटं होतं.

५

माझं डोकं दुखतंय असं सांगून मी दादाला घरी पाठवलं आणि नकाशा पुढ्यात घेऊन बसले. मला घाबरलं की गणित करावंसं वाटतं. गणितात निदान कुणी आपल्याकडे बघत नाही.

पहिल्या दिवसाची मोजमापं तेवढी भरवशाची होती. प्रत्येक खांब कुठून पाहिला तर सरळ दिसेल, ती दिशा काढता येते. एकेका खांबाची रेघ ओढत गेले. मनात म्हणत होते, त्या वेड्यावाकड्या जातील, कारागीर वेडा होता एवढंच ठरेल आणि मी वहिनींकडे स्नायूंचं मलम घेऊन जाईन. रेघा वेड्यावाकड्या गेल्या नाहीत. सगळ्या एका जागी येऊन भेटल्या. मागच्या भिंतीचा डावा कोपरा, कॉर्निसला लागून. तिथे गच्ची नाही, जिना नाही, खिडकी नाही. माणसाला पाय टेकायला जागा नाही.

म्हणजे हॉल बांधणाऱ्याने ज्याच्या डोळ्यांची काळजी घेतली होती, तो तिथे असायचा.

मग स्वतःला फैलावर घेतलं. शहाणी ना तू? पूर्वी तिथे सज्जा असेल, मालक वरून कारकुनांवर नजर ठेवत असेल, नंतर पाडला असेल. साधी गोष्ट. पण कुठे सज्ज्याच्या खुणा नव्हत्या, आणि मालकाच्या नजरेने कुणाचा खांदा गळत नाही.

संध्याकाळी दादाला फोन करून सांगितलं, "हे काम सोडतोय आपण. तुझी तब्येत बरी नाही."

"मला काय धाड भरलीय? कॉर्निस राहिलंय अजून," तो म्हणाला. "परांची बांधून झालीय. बारके, तू एकदा वर जाऊन बघ. तिथून बघितल्याशिवाय कळणार नाही तुला."

मी त्याला त्या जागेबद्दल एक अक्षर बोलले नव्हते.

६

तरी गेले. का गेले म्हणाल, तर तो एकटा गेला असता म्हणून. आणि दुसरं असं, की भीतीपेक्षा खात्री बरी, असं मला आयुष्यभर वाटत आलंय. वर जायचं, कोरी भिंत बघायची, खाली यायचं आणि भावाचं बखोट धरून त्याला घरी न्यायचं.

भर दुपार होती. दारातून वॉचमनची पाठ दिसत होती. दादा हॉलच्या मधोमध पट्टी धरून उभा राहिला, मी न सांगता. मी परांचीच्या शिड्या चढले. वर भिंत खरंच कोरी होती. कॉर्निसच्या माथ्यावर बोटभर धूळ साचली होती, वर्षानुवर्षांची, मऊ. फक्त त्या कोपऱ्यात ती नव्हती. तिथला दगड झिजून गुळगुळीत झाला होता. खिडकीत रोज कोपरं टेकून बसलं की चौकट जशी होते, तसा.

मी तिथे कोपरं टेकली नाहीत. हे मी स्वतःला अजून सांगते. मी फक्त डोकं पुढे नेलं आणि खाली पाहिलं.

हॉल सरळ होता.

कसं सांगू? इतके दिवस पोटात जे ढवळत होतं, ते एकदम शांत झालं. एकूण एक खांब जिथे असायला हवा तिथे, जसा असायला हवा तसा. जमीन पाण्यासारखी सपाट. इतकं बरोबर मी काहीच कधी पाहिलं नव्हतं. मला रडू आलं, आणि ते भीतीचं नव्हतं. आणि सगळ्याच्या मधोमध माझा दादा, लहानपणी होता तसा, गज गिळल्यासारखा ताठ.

तो वर बघत होता. त्याने विचारलं, "आता दिसतोय का सरळ?"

"हो," मी म्हटलं. पण ते "हो" माझ्या तोंडून निघायच्या आधीच कानाशी ऐकू आलं होतं.

दादाने मान हलवली. मग त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं, नुकतंच गेल्यासारखं, आणि मला कळलं की तो आतापर्यंत माझ्याकडे बघतच नव्हता. तो माझ्या खांद्याशेजारी बघत होता.

"तुला नव्हतं विचारलं, बारके," तो म्हणाला.

मी बाजूला पाहिलं नाही. शिडीवरून कशी उतरले ते आठवत नाही. गुडघे सोलले होते, ते घरी गेल्यावर कळलं.

७

दादाला मी ओढतच बाहेर काढलं. तो हसत होता, प्रेमाने, मी लहान असताना हसायचा तसा. रस्त्यावर आल्यावर मला घेरी आली. दिव्यांचे खांब कललेले, दुकानांच्या पाट्या उतरत्या, माणसं जोराच्या वाऱ्यात चालावं तशी एका अंगाला झुकून चालत होती. वारा नव्हता. उंचावरून घाईने उतरल्यामुळे होतं असं, मी मनाशी म्हटलं. दादाचा हात घट्ट धरला. त्या सगळ्या गर्दीत तो एकटा सरळ चालत होता. मला त्याचं बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून मी आणखी घाबरले.

वहिनी दारातच उभ्या होत्या. त्यांनी त्याला पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. त्याला टेबलापाशी बसवून त्या मला स्वयंपाकघरात घेऊन आल्या, आणि त्याला ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडला.

"अगं, सकाळी एवढे नव्हते! अर्धे दुमडलेत. बघ ना, ताटाकडे हात न्यायचा तर हात भलतीकडेच जातोय. मला भीती वाटते गं. हे असेच राहिले तर? तुझं ऐकतात ते. उद्यापासून जायचं नाही म्हणून तू सांग. मी पाया पडते तुझ्या."

मी दारातून त्याच्याकडे पाहिलं. नीट पाहिलं. तो ताठ बसला होता.

मला माहीत होतं की तो वाकलाय. बुडबुडा मी स्वतः पाहिला होता, वहिनींचे डोळे भरलेले होते, त्यांना खोटं बोलायचं कारण नव्हतं. मी पिशवीतून ओळंबा काढला आणि दारात त्याच्या रेषेत धरला. दोरी तिरकी लोंबली. वजन खाली ओढत होतं, हाताला ओढ कळत होती, आणि दोरी माझ्या डोळ्यांसमोर तिरकी उभी होती. तिच्यापलीकडे दादा सरळ. मी डोळे चोळले, परत धरली. मग गुंडाळून ठेवून दिली.

"काय झालं?" वहिनींनी विचारलं. "बोल ना. किती वाकलेत ते, दिसतंय ना तुला?"

मी त्यांच्याकडे वळले. इतकी वर्षं मी त्यांना पाहतेय, आणि कधी लक्षात आलं नव्हतं. एक खांदा केवढा वर, मान कशी भलतीकडे, सगळं अंग पिरगळल्यासारखं. बिचाऱ्या या अशाच उभ्या राहून आमच्यासाठी राबत आल्या, आणि आम्ही कुणी काही केलं नाही. माझ्या आत कुणीतरी ओरडत होतं, गप्प बस, काही बोलू नकोस, दार लावून घे, दोघांना घेऊन कुठेतरी लांब जा. मला ते ऐकू येत होतं. पण मला त्यांची फार दया आली.

"वहिनी," मी म्हटलं, "उद्या तुम्हीच चला ना आमच्याबरोबर. हॉल बघा एकदा. फक्त मधोमध उभं राहायचंय, जास्त वेळ नाही."

त्यांनी नळ बंद केला. बाहेर दादाची खुर्ची वाजली, तोही ऐकत होता. वहिनींनी पदराने डोळे टिपले, मला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "तू आहेस म्हणून धीर आहे गं. तू म्हणतेस तर येते."